लिनक्सवर ब्लूटूथ कंट्रोलर रोज नव्याने पेअर करावा लागतोय? आधी किल्ली बघा

बेळगावच्या वडगावातून भाच्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मामा, रिमोट परत विसरला." रिमोट म्हणजे खेळायचा कंट्रोलर, पण घरात त्याला कंट्रोलर कुणी म्हणत नाही. आक्का रिमोट म्हणते, दाजी जॉयस्टिक म्हणतात. तर तो रिमोट विसरला. काल रात्री अकरापर्यंत खेळ व्यवस्थित चालला होता. लॅपटॉप बंद करून हा झोपला, सकाळी मधलं बटण दाबलं तर दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला. मग सेटिंगमधून कंट्रोलर काढून टाकायचा, पुन्हा शोधायचा, पुन्हा पेअर करायचा. चालतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. दोन महिने पोरगं रोज सकाळी हा उद्योग करत होतं, आणि मला कळलं ते तिसऱ्या महिन्यात.

घरच्यांचं निदान तयार होतं. पुढच्या खोलीत दाजींचे चार माग आहेत, दिवसभर खटखटाट चालू असतो. "मागाची मोटार असल्यावर हे असलं चालतंय होय?" असं दाजी म्हणाले. मलाही क्षणभर पटलं. पण रविवारी माग बंद असताना गेलो तरी दिवा तसाच लुकलुकून विझला. मोटारीने व्होल्टेज खाली-वर होईल, पण ब्लूटूथ चालतं २४०० मेगाहर्ट्झच्या पुढे. माग निर्दोष सुटले.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. आज्ञा आणि फाइलींची नावं मी देवनागरीत, जशी उच्चारतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पेअर, ट्रस्ट, कनेक्ट

लोक हे तीनही शब्द एकाच अर्थाने वापरतात, आणि रोजच्या कटकटीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. ही तीन निराळी कामं आहेत.

पेअर करताना लॅपटॉप आणि कंट्रोलर मिळून १२८ बिटांची एक किल्ली ठरवतात आणि दोघेही आपापल्याकडे तिची एकेक प्रत ठेवतात. एक प्रत कंट्रोलरच्या पोटात. दुसरी लिनक्समध्ये, व्हार / लिब / ब्लूटूथ या फोल्डरखाली. तिथे आधी तुमच्या ब्लूटूथ अडॅप्टरच्या, म्हणजे मशीनच्या ब्लूटूथ चिपच्या, पत्त्याचं फोल्डर, त्यात कंट्रोलरच्या पत्त्याचं फोल्डर, आणि त्यात 'इन्फो' नावाची साधी मजकुराची फाइल. सुडो लावून, म्हणजे ॲडमिनचा अधिकार घेऊन, ती उघडता येते. डोळ्यांनी दिसणारी वस्तू आहे, जादू नाही.

ट्रस्ट म्हणजे काय ते कळायला आधी कोण कुणाच्या दारात येतं ते बघायला हवं. पहिल्या दिवशी लॅपटॉप कंट्रोलरला शोधतो आणि हाताला धरून आत घेतो. दुसऱ्या दिवसापासून उलटं होतं. तुम्ही कंट्रोलरचं बटण दाबता, तेव्हा कंट्रोलर लॅपटॉपच्या दारात येऊन कडी वाजवतो. आता लॅपटॉपवर 'हा आपलाच, विचारू नको, आत घे' असं लिहून ठेवलेलं नसेल, तर ब्लूटूथची सेवा परवानगी विचारायला जाते. विचारायला समोर कुणी नसतं, खिडकी उघडी नसते, उत्तर येत नाही. कंट्रोलर थोडा वेळ वाट बघतो आणि झोपतो. ते लिहून ठेवणं म्हणजे ट्रस्ट.

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. ब्लूटूथसीटीएल ही आज्ञा दिली, सगळा एकच शब्द, मध्ये जागा नाही. मग 'डिव्हाइसेस' लिहिल्यावर कंट्रोलरचा पत्ता दिसला, सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. मग 'इन्फो' आणि तो पत्ता. आलेल्या ओळी अशा:

पेअर्ड: येस
ट्रस्टेड: नो
कनेक्टेड: नो

दोन महिन्यांचा त्रास त्या मधल्या ओळीत होता. नव्या आवृत्त्यांत 'बॉन्डेड' अशीही ओळ असते. पेअर्ड येस पण बॉन्डेड नो असेल, तर किल्ली ठरली पण जपून ठेवलीच गेली नाही. अशा वेळी नुसतं ट्रस्ट देऊन भागत नाही, पेअरिंग नव्याने करायचं.

नुसता ट्रस्ट लिहूनही त्याचं काम झालं असतं. पण दोन महिन्यांत इतक्यांदा काढ-घाल झाली होती की मी पाटी पुसून सुरुवात केली. 'रिमूव्ह' आणि पत्ता देऊन लिनक्सकडची किल्ली पुसली. मग कंट्रोलरकडची. हा ड्युअलशॉक ४ आहे, सोनीच्या प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर. त्याच्या मागे एल२ बटणाजवळ टाचणी जाईल एवढं भोक असतं, आत टाचणी घालून पाच सेकंद दाबून धरायचं. आक्काच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी चालली. आणि मग ब्लूटूथसीटीएलमध्येच एकापाठोपाठ एक:

पॉवर ऑन
एजंट ऑन
डिफॉल्ट-एजंट
स्कॅन ऑन

आता कंट्रोलर पेअरिंगला लावायचा. इथे दिव्याकडे नीट बघा, कारण दिवा दोन वेगळ्या भाषा बोलतो. फक्त पीएस बटण, म्हणजे मधलं, दाबलंत तर तो संथ लुकलुकतो, म्हणजे जुन्या मालकाला हाक मारतोय. शेअर आणि पीएस एकत्र तीन ते पाच सेकंद धरलेत तर भराभर, जोडीजोडीने लुकलुकतो, म्हणजे नवा मालक शोधतोय. संथ दिव्यावर कितीही स्कॅन केलंत तरी यादीत तो येणार नाही. भाचा निम्म्या वेळा इथेच अडकायचा. यादीत सोनीचं नाव शोधत बसू नका, हा कंट्रोलर स्वतःला नुसतं 'वायरलेस कंट्रोलर' म्हणवतो.

पत्ता दिसला की 'पेअर', मग 'ट्रस्ट', मग 'कनेक्ट', प्रत्येकापुढे तोच पत्ता. पत्ता पूर्ण टाइप करायची गरज नाही, पहिली दोन अक्षरं देऊन टॅब दाबा. शेवटी 'स्कॅन ऑफ'. स्कॅन चालू ठेवून खेळायला बसलं तर बटणं अडखळतात, आणि मग त्याचा दोष कंट्रोलरवर येतो.

टर्मिनल नको असेल तर मिंटमध्ये २१ व्या आवृत्तीपासून ब्लूमन ही ब्लूटूथची खिडकी आहे. तिथे उपकरणावर उजवी टिचकी मारली की ट्रस्टचा पर्याय मिळतो. मी तरी टर्मिनलच सुचवेन. खिडकीत नुसतं 'फेल्ड' येतं, टर्मिनल निदान कारण तरी सांगतं.

नऊ दिवसांनी परत फोन

"मामा, परत तेच व्हायलंय."

या वेळी ट्रस्टेड येस होतं. म्हणजे दारातला प्रश्न नाही. मी त्याला फोनवरच दुसरं टर्मिनल उघडायला लावलं आणि सुडो लावून बीटीमॉन चालू करायला सांगितलं. ही आज्ञा अडॅप्टर आणि कंट्रोलर यांच्यातलं सगळं बोलणं पडद्यावर ओतते. वाचायला किचकट आहे, पण आपल्याला एकच ओळ हवी असते: ऑथेंटिकेशन अयशस्वी झालं तर त्याचा कोड काय.

कोड ०x०६ आला, 'पिन ऑर की मिसिंग', तर समोरच्याकडे किल्लीच नाही. तुम्ही रीसेट केलंय किंवा त्याने ती टाकून दिलीय. कोड ०x०५ आला, 'ऑथेंटिकेशन फेल्युअर', तर किल्ली दोघांकडे आहे पण दोन वेगळ्या आहेत. भाच्याकडे ०x०५ होता. कुणीतरी कंट्रोलरमधली किल्ली बदलली होती.

"दुसऱ्या कशाला लावलास काय रे?"

"न्हाई मामा." मग थोड्या वेळाने, "बाबांच्या विंडोजवर एकदा लावलतो. पण लॅपटॉप ह्योच की."

लॅपटॉप ह्योच, खरं आहे, आणि घोळ तिथेच आहे. दाजींचा हिशेब त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये असतो. ब्लूटूथचा अडॅप्टर एकच, त्यामुळे पत्ताही एकच. कंट्रोलरच्या दृष्टीने लिनक्स आणि विंडोज वेगळे नाहीतच, त्याला एकच घर दिसतं. विंडोजमध्ये पेअर केलं की त्याच घरासाठी नवी किल्ली बनते आणि कंट्रोलर जुनी टाकून देतो. लिनक्सकडे मात्र जुनीच पडून असते. पुन्हा लिनक्समध्ये पेअर करा, विंडोज बाहेर. महिनाभर हा पाठशिवणीचा खेळ चालू शकतो.

ड्युअलशॉक ४ एका वेळी एकच मालक लक्षात ठेवतो, हेही सांगून ठेवतो. मित्राकडे नेऊन त्याच्या प्लेस्टेशनला केबलने जोडलात तरी तुमचं नाव पुसलं जातं. म्हणून लिनक्ससाठी वेगळा डोंगल (यूएसबीत खोचायचा ब्लूटूथ अडॅप्टर) घ्या हा सल्ला या कंट्रोलरला लागू पडत नाही.

उपाय एकच: दोन्हीकडे तीच किल्ली ठेवायची. क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिनक्समध्ये पेअर करा, म्हणजे फोल्डर आणि इन्फो फाइल तयार होते. मग विंडोजमध्ये पेअर करा. आता कंट्रोलरकडे विंडोजची किल्ली आहे. यानंतर लिनक्समध्ये येऊन पुन्हा पेअर करायचं नाही. हात शिवशिवतील, तरी नाही. विंडोजची किल्ली उचलून लिनक्सच्या फाइलीत लिहायची.

ती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या साठ्यात, असते. लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, माउंट करा, म्हणजे उघडा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते फक्त वाचण्यापुरतं माउंट होईल, आपल्याला तेवढंच हवंय. सीएचएनटीपीडब्ल्यू हे पॅकेज बसवा. विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग असं आत जाऊन सीएचएनटीपीडब्ल्यू, जागा, उणे चिन्ह आणि ई, जागा, आणि सिस्टम ही फाइल. फाइलीचं नाव तिथे मोठ्या अक्षरांत असतं आणि फोल्डरांच्या नावांतही मोठी अक्षरं असतात, जसं दिसेल तसंच टाइप करा. आत गेल्यावर सीडी (फोल्डरात शिरायची आज्ञा) करत उतरायचं, नावं इथेही दिसतील तशीच: कंट्रोलसेट००१, सर्व्हिसेस, बीटीएचपोर्ट, पॅरामीटर्स, कीज. तिथे एलएस (यादी दाखवायची आज्ञा) केलं की अडॅप्टरचा पत्ता दिसतो, दोन टिंबांशिवाय. त्यात उतरून पुन्हा एलएस केलं की कंट्रोलरचा पत्ता. मग 'हेक्स' आणि तो पत्ता. समोर १६ बाइट येतात, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या १६ जोड्या. कागदावर उतरवा किंवा कॉपी करा. बाहेर पडताना 'क्यू', आणि बदल जपायचे का विचारलं तर 'एन'. दाजींच्या विंडोजला आपण बोटही लावलेलं नाही, हे मनात पक्कं असू द्या.

आता लिनक्सची इन्फो फाइल. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. त्यात चौकोनी कंसात 'लिंककी' असा विभाग असतो आणि खाली 'की' बरोबर ३२ अक्षरं. ती खोडून विंडोजची ३२ लिहा, जोड्यांमधल्या जागा काढून, मोठ्या अक्षरांत. फाइल जपा, आणि सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ब्लूटूथ. पीएस बटण दाबा.

भाच्याने हे वाचून दाखवत दाखवत केलं आणि एका ठिकाणी 'बी' ऐवजी '८' लिहिला. परत ०x०५. ३२ अक्षरं मोजून घ्या, आणि बी-आठ, डी-शून्य हे वेगळे तपासा.

ही पद्धत क्लासिक ब्लूटूथ वापरणाऱ्या कंट्रोलरची. एक्सबॉक्सचे नव्या फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) कंट्रोलर ब्लूटूथच्या लो एनर्जी या दुसऱ्या प्रकारात बोलतात. तिथे एक किल्ली नसते, 'लाँगटर्मकी' सोबत आणखी दोन-तीन आकडे जुळवावे लागतात. फक्त खेळण्यासाठी एवढी उस्तवारी मी करणार नाही. खेळ एकाच सिस्टममध्ये ठेवीन.

किल्ली बरोबर, तरी तुटतं

हे माझ्या स्वतःच्या घरचं, टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळचं. डेस्कटॉपला ब्लूटूथ नव्हतं म्हणून खडे बाजारात दोनशे रुपयांचा डोंगल घेतला. लिनक्सवर चालेल का विचारलं तर दुकानदार म्हणाला, "आगंगिल्लरी." म्हणजे होणार नाही हो. "विंडोज घाला की साहेब." मी हट्टाने घेतला.

तो पेअर व्हायचा, दहा मिनिटं चालायचा आणि गप्प. एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणारी आज्ञा, केल्यावर ०ए१२:०००१ असा क्रमांक आला. हा क्रमांक एका जुन्या, नावाजलेल्या चिपचा. स्वस्तातले असंख्य नकली डोंगल तोच क्रमांक लावून फिरतात आणि स्वतःबद्दल खोटं सांगतात. जी गोष्ट येते म्हणून सांगतात ती येत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, खास या नकलांना ओळखून सांभाळून घेणारा कोड लिहिलेला आहे, तरी काही नग सुधारत नाहीत. हा क्रमांक दिसला आणि तक्रार 'थोडा वेळ चालतो मग मरतो' अशी असेल, तर सेटिंगमध्ये आठवडा घालवू नका. डोंगल बदला.

बदललेला डोंगलही पहिल्या दिवशी चालला नाही, पण त्याचं कारण साधं होतं. डीमेसेज बघितलं, आज्ञा डीएमईएसजी, तर फर्मवेअरची फाइल सापडत नाही अशी ओळ होती. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज ताजं केलं, डोंगल काढून घातला, झालं.

मग राहिला अडखळण्याचा प्रश्न. मी बटण दाबायचो आणि गाडी अर्ध्या क्षणाने वळायची. डेस्कटॉप आमच्याकडे जुन्या स्टीलच्या मांडणीत, खालच्या कप्प्यात आहे, आणि डोंगल मागच्या बाजूला, निळ्या यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून. याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. यूएसबी ३ च्या केबलीतून होणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर लिहिलंय. ब्लूटूथ आपल्या ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारत गोंगाट चुकवतं. पण चहूबाजूंनी स्टील आणि शेजारी गोंगाट करणारी डिस्क असेल तर उडी मारून जाणार कुठे? एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेतली, डोंगल मांडणीच्या वरच्या फळीवर आणला. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं. अडखळणं गेलं. लॅपटॉपवाल्यांनी वाय-फाय तेवढं बदलून बघावं, कारण बहुतेक लॅपटॉपांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार. इथे जूनपासून करंट ये-जा करतो, आणि झटक्याने बंद पडून चालू झालेल्या मशीनवर कधीकधी ब्लूटूथ अडॅप्टर यादीतूनच गायब होतो. रीस्टार्ट करून उपयोग होत नाही, कारण बंद मशीनमध्येही यूएसबीला थोडी वीज मिळत राहते आणि अडकलेली चिप अडकलेलीच राहते. मशीन पूर्ण बंद करा, भिंतीतलं बटण बंद करा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग चालू करा. डोंगल असेल तर नुसता काढून घाला. त्याआधी आरएफकिल लिस्ट ही आज्ञा देऊन बघून घ्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड येस' असेल तर आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ एवढंच पुरतं.

झोपेतून उठलेला लॅपटॉप कंट्रोलर ओळखत नसेल, किंवा पाच मिनिटं हात काढला की सुटत असेल, तर यूएसबीची वीजबचत बंद करून बघा. ईटीसी / मॉडप्रोब.डी या फोल्डरात कुठल्याही नावाने, शेवट .कॉन्फ ठेवून फाइल करा आणि एक ओळ लिहा: ऑप्शन्स बीटीयूएसबी इनेबल_ऑटोसस्पेंड=०. मग रीबूट.

एक्सबॉक्स, प्लेस्टेशन ३, निन्टेन्डो

एक्सबॉक्सचा कंट्रोलर हातात आला की आधी मधल्या लोगोभोवतीचं प्लास्टिक बघा. ते वरच्या चकचकीत पट्टीचाच भाग असेल तर तो जुना, त्यात ब्लूटूथच नाही. पेअर होणारच नाही, त्याला त्याचा वेगळा डोंगल लागतो. कणबर्गीच्या एका मित्राने असा सेकंडहँड घेऊन चार संध्याकाळी स्कॅन केलं होतं. लोगोभोवतीचं प्लास्टिक पुढच्या अंगासारखंच असेल तर ब्लूटूथ आहे.

२०१६ च्या १७०८ मॉडेलचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे: जोडला, तुटला, जोडला, तुटला, सेकंदासेकंदाला, आणि लोगो लुकलुकत राहतो. जुन्या फर्मवेअरवर ब्लूटूथमधल्या ईआरटीएम नावाच्या पुन्हा-पाठवणीच्या पद्धतीशी त्याचं जमत नाही. त्याच मॉडप्रोबच्या फोल्डरात ओळ: ऑप्शन्स ब्लूटूथ डिसेबल_ईआरटीएम=१. रीबूट करून पुन्हा पेअर करा. याहून चांगला उपाय म्हणजे कुणाच्या तरी विंडोज मशीनवर, केबलने जोडून, एक्सबॉक्स ॲक्सेसरीज या ॲपमधून कंट्रोलरचं फर्मवेअर नवं करणं. त्यानंतर ईआरटीएमची भानगडच उरत नाही. एक्सपॅडनिओ हा ड्रायव्हर मी कंपनाची मोटार नीट चालावी म्हणून बसवतो, पेअरिंगसाठी तो हवाच असं नाही.

प्लेस्टेशन ३ चे कंट्रोलर २०२३ अखेरपर्यंत मुकाट्याने चालत आणि एका अपडेटनंतर अचानक बंद पडले, असं बऱ्याच जणांचं झालं. ते बिघडले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधली एक भगदाड उघडकीला आली. जवळ असलेला कुणीही खोटा कीबोर्ड बनून तुमच्या मशीनवर टाइप करू शकत होता. ती बुजवायला ब्लूझेड या लिनक्सच्या ब्लूटूथ सेवेने 'रीतसर किल्ली नसलेल्या क्लासिक उपकरणाला आत घ्यायचं नाही' असा नियम चालू केला. पीएस ३ चे कंट्रोलर रीतसर किल्ली करत नाहीत, म्हणून बाहेर राहिले. ईटीसी / ब्लूटूथ / इनपुट.कॉन्फ या फाइलीत क्लासिकबॉन्डेडओन्ली=फॉल्स लिहिलं की चालतात; त्या नावात सी, बी आणि ओ मोठे. पण मग भगदाडही परत उघडं. मी घरच्या डेस्कटॉपवर करीन, बाहेर घेऊन फिरायच्या लॅपटॉपवर नाही. आधी ब्लूझेडची नवी आवृत्ती मिळते का बघा.

निन्टेन्डोचा प्रो कंट्रोलर पेअर होतो आणि बटणं मात्र वेडीवाकडी किंवा काहीच नाहीत, अशी तक्रार असेल तर यूनेम, जागा, उणे आर ही आज्ञा देऊन कर्नलची आवृत्ती बघा. कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर ५.१६ पासून आला. मिंट २१ सोबत ५.१५ येतो. एका आकड्याने हुकतं. अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल निवडा. ड्युअलसेन्सचा, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा, ड्रायव्हर ५.१२ पासून आहे, तिथे सहसा अडत नाही.

एटबिटडो कंपनीचे कंट्रोलर वापरणाऱ्यांनी चालू करतानाच कुठली बटणं धरली ते आठवा. एसएन३० प्रो स्टार्ट आणि बी धरून चालू केला तर वेगळा, स्टार्ट आणि एक्स धरून चालू केला तर वेगळा बनून येतो. काल एका रूपात पेअर केला आणि आज दुसऱ्या रूपात आला, तर लिनक्सने ओळखायचं तरी कसं.

जोडलाय, पण खेळाला दिसत नाही

इथे ब्लूटूथचा संबंध संपला. हे लक्षात न आल्यामुळे लोक चालू पेअरिंग मोडून टाकतात. इव्हीटेस्ट चालवा, यादीतून कंट्रोलर निवडा, बटण दाबा. पडद्यावर ओळी धावल्या तर कंट्रोलर, ब्लूटूथ, ड्रायव्हर तिघेही ठीक. ड्युअलशॉकचा टचपॅड आणि हालचाल ओळखणारा भाग यादीत वेगवेगळी उपकरणं म्हणून येतात, आणि जुने खेळ कधीकधी पहिलं दिसेल ते धरून बसतात. मग कंट्रोलर हलवला की गाडी वळते आणि बटणाने काहीच होत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये उपकरण हाताने निवडा.

स्टीमसाठी स्टीम-डिव्हायसेस हे पॅकेज बसलंय का बघा, परवानग्यांचे नियम त्यात असतात. खेळ फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या बंदिस्त पॅकेजांच्या रूपात घेतला असेल तर त्याला उपकरणं बघायची परवानगी वेगळी द्यावी लागते.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायचं असेल, तर कंट्रोलरचं मॉडेल, यूनेमचं उत्तर, एलएसयूएसबीमधली ब्लूटूथची ओळ, 'इन्फो'च्या त्या तीन-चार ओळी आणि जर्नलसीटीएल, जागा, उणे यू ब्लूटूथ याचा शेवटचा भाग, एवढं पाठवा. तोवर खेळ थांबवायचा नसेल तर केबल लावा. फक्त केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीने दिवा पेटतो आणि बाकी काही होत नाही. भाच्याला परवा मी हीच यादी पाठवली होती. त्याने लगेच एक फोटो पाठवला, टेबलावर ठेवलेल्या रिमोटचा, दिवा लुकलुकताना.